लेमूर माकड नव्हे
तुमचा माकडांवरचा लेख आवडला, पण त्यातलं ‘लेमूर हे मादागास्करचे शेपटीवाले माकड’ हे वाक्य खटकलं. लेमूर प्रायमेट (माकडं, वानरं, माणूस ज्यात येतात तो सस्तन प्राण्यांचा गट) आहे, माकड नाही. त्याची शाखाच वेगळी, आणि आपल्या दक्षिण भारतातला लोरिस (मोठ्या डोळ्यांचा, रात्री फिरणारा छोटा प्राणी) त्याच शाखेतला. म्हणजे लेमूरचा भाऊबंद शोधायचा तर बोरिवलीच्या माकडांत नव्हे, या लोरिसमध्ये शोधा!

नाक बघा. लेमूरचं कुत्र्यासारखं ओलसर, वासावर चालणारं. माकडाचं कोरडं, त्याची भिस्त डोळ्यांवर. लेमूरचे खालचे पुढचे दात फणीसारखे आडवे पुढे आलेले, त्यांनी तो केस विंचरतो आणि फणीत अडकलेला कचरा जिभेखालच्या दुसऱ्या छोट्या जिभेने काढतो. हे वाचलं तेव्हा मी खरंच आरशासमोर जीभ उचलून पाहिली होती.

आता आपल्याकडचं. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्यांवर एका माकडिणीने माझ्या हातातली शेंगदाण्याची पुडी पळवली. चावलं काहीच नाही, सगळे दाणे गालात कोंबले. गाल लिंबाएवढे फुगले. मग झाडावर बसून हाताच्या पाठीने गाल दाबत एकेक दाणा तोंडात आणत होती. काळ्या तोंडाच्या वानराला अशा गालातल्या पिशव्या नसतात. त्याचं पोटच कप्प्याकप्प्यांचं, कडक पानं आत आंबवून पचवणारं. मराठीत आपण माकड आणि वानर वेगळे म्हणतो ते उगाच नाही. लेखात दोघांना सरसकट ‘माकडे’ म्हटलंय, तेवढंही दुरुस्त करा.