महिन्यात तीन पंक्चर झालेल्या टायरबद्दल, दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की तुमच्या रोडबाइकला, म्हणजे अरुंद टायरच्या वेगवान सायकलला, २५ चा (२५ मिलिमीटर रुंदीचा) हलका रेसिंग टायर घ्यायला आलात, तर आम्ही २८ चा, कडेला पोलादी तार असलेला 'तारेचा' टायर गळ्यात मारला. 'टिकाऊ' म्हणून दिलेल्या त्या टायरला महिन्यात तीन पंक्चर झाली. टायरवर ११० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलेलं असताना आमच्या पोरानं ८० च हवा मारली. आणि परत करायला आलात तेव्हा आम्ही टायर घेतला नाही. दोन स्टार दिलेत, ते तुमच्या मनाप्रमाणे. उत्तर मात्र सविस्तर देतो. बेळगावात आता रोडबाइक चालवणारे बरेच झालेत आणि पहिला टायर झिजला की प्रत्येकजण हाच घोळ घेऊन दुकानात येतो.

आधी पंक्चरचं बोलू. तुम्ही दोन्ही ट्यूबा घेऊन आला होतात, म्हणून मला बघता आलं. पहिल्या ट्यूबला एकमेकांच्या समोर दोन बारीक चिरा होत्या, बोटभर अंतरावर. खिळा किंवा काटा घुसला तर एक भोक पडतं. अशा जोडचिरा पडतात त्या ट्यूब चेंगरल्यामुळं. चाक खड्ड्याच्या काठावर आपटतं, हवा कमी असली की टायर पार दबतो आणि ट्यूब रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये सापडते. त्या दिवशी तुमच्यासमोरच मागच्या चाकाला हवा मोजायचा गेज लावला, तर ४८ भरली. टायर बसवताना ८० होती. तुम्ही म्हणालात, मध्ये हवा मारलीच नाही, दाबून बघितलं तर टायर कडक लागत होता. इथंच सगळे फसतात. आपल्या अंगठ्याला मोटारसायकलच्या तीसेक पीएसआयची सवय असते, त्यामुळं ५० सुद्धा दगडासारखी लागते. रोडबाइकची ट्यूब पातळ आणि आतला दाब जास्त. कुठं गळती नसली तरी आठवड्याला पाच-सात पीएसआय सहज उतरते. म्हणून दर आठवड्याला गेजच्या पंपानं हवा मारायची, आणि लांब जायचं असेल तर त्या दिवशी सकाळी परत बघायची.

दुसरं आणि तिसरं पंक्चर हे खरं तर एकच आहे. हायवेला काकतीच्या अलीकडं टायर बसला, तुम्ही स्वतः ट्यूब बदललीत आणि घरी पोचेपर्यंत परत बसला. दुकानात ट्यूबमध्ये हवा भरून पाण्यात धरली आणि व्हॉल्व्हपासून भोक किती अंतरावर आहे ते टायरवर मोजलं. तिथं आतून बोट फिरवलं तर काही लागेना. मग कापसाचा बोळा फिरवला, तर त्याचे धागे एका जागी अडकले. चिमट्यानं ओढल्यावर केसासारखी बारीक पोलादी तार निघाली, तांदळाच्या दाण्याच्या निम्मी सुद्धा नव्हती. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये पोलादी तारांचे पट्टे असतात. तो टायर फुटला की त्याच्या चिंध्या आणि ह्या तारा हायवेच्या कडेला पडून राहतात, आणि सायकलवाले नेमके कडेनंच जातात. तार टायरमध्ये तशीच राहिली, म्हणून नवीन ट्यूबही गेली. एक सवय लावून घ्या: टायर बसवताना त्याच्यावरचं नाव बरोबर व्हॉल्व्हपाशी आणायचं. मग ट्यूबचं भोक सापडलं की टायरमध्ये कुठं शोधायचं ते लगेच कळतं. आमच्या दुकानातला प्रत्येक टायर असाच बसवलेला असतो, तुमचाही आहे.

'टिकाऊ' हा शब्द मी वापरला आणि आजही वापरतो. पंक्चर होणारच नाही असा टायर मी आजवर विकलेला नाही, कुणी विकतही नाही. तुमच्या टायरच्या रबराखाली नायलॉनचा एक जादा पट्टा आहे. काच, बाभळीचा काटा, खडीची कड हे तो बऱ्यापैकी अडवतो. एवढी बारीक तार मात्र विणीतून वाट काढते, मग टायर दीड हजाराचा असो नाहीतर पाच हजारांचा. बाजूच्या भिंतीला तर हा पट्टा बहुतेक टायरांना नसतोच.

आता २५ की २८. तुम्ही कुठं चालवता ते मी आधी विचारलं होतं. रोज तिसऱ्या रेल्वे गेटवरून उद्यमबागेतून मच्छेपर्यंत, आणि रविवारी जांबोटीकडं, जमलं तर चोर्ला घाट, असं तुम्ही सांगितलंत. ते ऐकूनच मी २८ वर आलो. उद्यमबागेच्या रस्त्याला लेथवरची लोखंडी बर, म्हणजे लोखंड कातताना निघणारा चुरा, पडलेली असते. कारखान्यातून भंगार घेऊन जाणाऱ्या गाड्यांतून सांडते आणि चाकाखाली दबून तिला धार येते. जांबोटीच्या वाटेला जांभ्याची लाल खडी डांबराच्या कडेला येऊन बसलेली. गळिताच्या दिवसात उसाच्या ट्रॉल्या रस्ता व्यापून जातात आणि सायकलला कडेच्या मातीत उतरावं लागतं. पावसाळ्यात तर ओल्या रबरात काच कोरड्यापेक्षा लवकर शिरते. अशा रस्त्याला टायरमध्ये हवेचा साठा जास्त पाहिजे, म्हणजे टायर रुंद पाहिजे. २५ च्या टायरला चेंगरण्यापासून वाचवायचं तर हवा जास्त कडक भरावी लागते. मग खडबडीत रस्त्यावर चाक उडत राहतं, पकड सुटते, हात बधिर होतात आणि वेगही जातो. तुमच्या ब्रेकच्या कमानीखाली २८ बसून दोन्हीकडं मोकळी जागा राहते का, हे बघूनच टायर काढला होता. जुन्या काही रोडबाइकला २५ च्या वर जात नाही. तशी सायकल असती तर मीच २५ दिला असता.

११० चा आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तेवढी हवा भरायचीच असं कंपनी म्हणत नाही. किती भरायची हे चालवणाऱ्याचं वजन, टायरची रुंदी आणि रस्ता यावर ठरतं. तुमचं वजन सत्तरच्या आसपास. २८ ला मागं ८० आणि पुढं ७० ही हवा आपल्या रस्त्यांना बरोबर आहे. मागच्या चाकावर भार जास्त येतो, म्हणून हा फरक. आमच्या पोरानं ८० मारली ती गेज बघून, मी शिकवल्याप्रमाणे. शिवाय चोर्ल्याच्या उतारावर रिमचा ब्रेक सारखा दाबला की रिम तापते आणि आतला दाब आपोआप वाढतो. आधीच ११० भरून उतरायला लागलं तर वाढायला जागा कुठं राहिली?

तारेच्या टायरबद्दल तुमचा राग जास्त दिसला. टायरच्या दोन्ही कडांना रिममध्ये धरून ठेवणारी दोरी असते. स्वस्त टायरमध्ये ती पोलादी तारेची, महागात अ‍ॅरामिड या मजबूत कृत्रिम धाग्याची, त्यामुळं महाग टायर घडी करून खिशात बसतो. वजनात पन्नासेक ग्रॅमचा फरक पडतो. झिजणं, पकड, पंक्चर यांच्याशी त्या दोरीचा संबंध नाही. तुमचा २८ चा टायर काट्यावर ३५० ग्रॅमच्या आसपास भरतो, २५ चा रेसिंग टायर २२० च्या आसपास. दोन्ही चाकं मिळून अडीचशे ग्रॅमच्या पुढं थोडा फरक, म्हणजे तुमच्या भरलेल्या पाण्याच्या बाटलीच्या निम्मासुद्धा नाही.

रेसिंग टायर पळतो, हे मी नाकारत नाही. त्याचं कापड बारीक धाग्याचं, रबर पातळ, त्यामुळं रस्त्यावर तो सहज दबतो आणि ताकद कमी खातो. रोजच्या चालीत तासाला किलोमीटरभराचा फरक पडू शकतो. शर्यतीत उतरणाऱ्याला तो महत्त्वाचा आहे आणि त्याला मी तोच टायर देतो. पण पातळ रबर लवकर झिजतं आणि बारीक धाग्याची भिंत खडीला लवकर चिरते. टीपीआयचा (एका इंचात किती धागे, त्याचा) मोठा आकडा वाचून टायर मजबूत असेल असं समजू नका. इंचात धागे जास्त म्हणजे प्रत्येक धागा बारीक. शिवाय काही कंपन्या सगळे थर एकत्र मोजतात, म्हणजे ६० धाग्यांचे तीन थर असले की लिहितात १८०. रोजच्या वापराला ६० टीपीआयचा टायर चांगला असतो. तुमचा तोच आहे.

पैशाचंही बोलू. तुमच्या टायरचे आम्ही प्रत्येकी १,४५० घेतले. तुम्ही मागितलेला टायर साडेचार हजाराला एक. जास्त नफ्यासाठी हा दिला असं तुम्ही लिहिलंत, पण महागड्या टायरवर दुकानाला सुटतं ते जास्त असतं. तो टायर मागच्या चाकाला तीन-चार हजार किलोमीटर चालला तर चांगला चालला म्हणायचं. तारेचा, हवा नीट ठेवली तर त्याच्या पुढं जातो. आणि भिंतीला एकदा चीर गेली की टायर कितीचाही असो, टाकून द्यावा लागतो. साडेचार हजाराचा टायर जांबोटीच्या रस्त्यात असा गेलेला मी बघितलाय. चालवणारा कॉलेजचा पोरगा होता, पुढचे कित्येक महिने त्यानं सायकल बाहेर काढली नाही. म्हणूनच पहिल्यांदा टायर बदलणाऱ्याला मी महाग टायर सुचवत नाही.

ऑनलाइन स्वस्त मिळतो असं तुम्ही लिहिलंत. मिळतो, खुशाल घ्या. फक्त नावावर जाऊ नका, भिंतीवर उठवलेला आकडा वाचा. तुमच्या रिमला २८-६२२ पाहिजे, त्यातलं ६२२ म्हणजे टायर रिमवर जिथं बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. रोडबाइकच्या टायरलाही '२८ इंची' म्हणतात आणि आजोबांच्या काळ्या उंच सायकलच्या टायरलाही '२८ इंची'च म्हणतात, पण तो ६३५ चा. तेरा मिलिमीटरचा फरक, तो तुमच्या रिमवर सैल राहतो, बसत नाही. असे चुकीचे मागवलेले टायर घेऊन लोक आमच्याकडं येतात आणि आम्ही काही करू शकत नाही. टायर हातात आला की भिंतीला वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या तर तो बरीच वर्षं पडून राहिलेला माल आहे.

टायर परत घेतला नाही, ते खरं. महिनाभर चाललेला टायर दुसऱ्या गिऱ्हाईकाला नवीन म्हणून देता येत नाही आणि कंपनीही घेत नाही, कारण पंक्चर हा टायरचा दोष धरला जात नाही. कडेची तार सुटली असती, रबराला फुगा आला असता, तर मी स्वतः बदलून दिला असता आणि कंपनीशी मी भांडलो असतो.

तुम्हाला तो २५ चा टायर हवाच असेल तर एक सुचवतो. एकच घ्या आणि पुढच्या चाकाला लावा. पुढचा टायर घसरला तर माणूस पडतोच, म्हणून चांगलं रबर पुढं असावं. भार आणि झीज मागं जास्त, तिथं आत्ताचा २८ राहू दे. पुढचा निघालेला टायर घरी ठेवा, मागचा मध्यभागी चपटा पडला की तो कामाला येईल. झिजलेला मागचा मात्र पुढं कधी घालू नका. मागवून द्यायला मी तयार आहे, बसवायची मजुरी घेणार नाही. येताना सायकलबरोबर ती दुसरी ट्यूबही आणा, एकच बारीक भोक आहे, पॅच लावून देतो. ट्यूबखाली रिमवर असते ती टेपही त्याच वेळी बघून घेऊ. आणि गेजचा पंप दुकानात दाराशीच ठेवलेला असतो. टायर कुठून घेतलाय ते आम्ही विचारत नाही, कधीही येऊन हवा मारून जा.