सेकंड क्लासची नोटीस

परवा सकाळी साडेसातला बेल वाजली. दारात बापूकाका. अंगात ड्रेसिंग गाऊन, डोक्याला माकडटोपी, आणि मी पाठवलेलं पाकीट शेपटीने उंदीर धरावा तसं चिमटीत.

"ही नोटीस तू पाठवलीस?"

तर झालं असं. आमचे नानाकाका गेले (रक्ताचे नव्हेत, पण लंडनच्या हॅरोत उतरल्या दिवशी ज्यांनी पिठलं-भात वाढला ते काकाच). मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे मागचं सगळं मार्गी लावणारे, दोन, मी आणि बापूकाका. प्रोबेटचा (मृत्युपत्र अमलात आणायच्या कोर्टाच्या परवानगीचा) अर्ज मी एकट्याने करायचा हे आधीच ठरलं कारण बापूकाकांना फॉर्मचा कंटाळा, मला बहुतेक आवड आहे असा त्यांचा समज. इंग्लंडात एकट्याला अर्ज करता येतो, पण मग दुसऱ्याने एकतर पीए15 नावाचा फॉर्म भरून हक्क कायमचा सोडायचा, नाहीतर तो राखून ठेवायचा, म्हणजे पुढेमागे वाटलंच तर त्याला येता येतं. हक्क सोडता का विचारलं तर डोळ्यात पाणी, "नानाने सांगितलेलं काम नको म्हणून लिहून देऊ?" बरं, माझ्यासोबत सही करता का, तर चष्मा सापडेना. राहिलं राखून ठेवणं, आणि त्यासाठी मी अर्ज करतोय हे त्यांना रीतसर कळवावं लागतं. 1987 चा नियम आहे, मी केलेला नाही.

काका आमच्यापासून चौथ्या घरात राहतात. हातात दिलं असतं तरी चाललं असतं, पण पोस्टात टाकल्याचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, उद्या "मला काय माहीत" नको म्हणून मी शहाणपणा केला.

"हिरवा स्टॅम्प," काका म्हणाले. माणूस एकतीस वर्षं टपालाच्या सॉर्टिंगला होता, पत्राच्या आधी तिकीट वाचतो. "हिरवा म्हणजे सेकंड क्लास. जांभळा फर्स्ट. नाना गेला, आणि मला सेकंड क्लासने कळवतोस?"

"काका, नाना गेल्याचं तुम्हीच मला फोन करून सांगितलंत."

"विषय बदलू नकोस. आमच्या घराण्यात आजवर एकच नोटीस आली. बांधावरून, चुलत्याची, 1961 साली. त्या घरचं पाणी आम्ही अजून पीत नाही."

मग तिथंच पायरीवर उभं राहून त्यांनी पत्र मोठ्यांदा वाचलं. समोरची बाई कचऱ्याचा डबा ढकलता ढकलता थांबली. "आय हिअरबाय गिव्ह यू नोटिस. हिअरबाय? दर गुरुवारी माझ्याकडे आमटी ओरपतोस आणि हिअरबाय?"

"नमुन्यातलं वाक्य आहे हो."

"बरं, आता मी काय करायचं?"

"काही नाही."

"उत्तर?"

"तेही नको."

"म्हणजे ज्याला काही करायचं नाही त्याला तू पत्र घालून कळवलंस की काही करू नको."

हो. अगदी हेच. ब्रिटिश कायदा इतक्या स्वच्छ शब्दांत मला कुणी समजावला नव्हता.

पण खरं सांगू का, हसू नंतर आलं, आधी डोकंच फिरलं. तीन महिने बँकेच्या फोनवरचं तेच ते संगीत मी ऐकतोय, पेन्शनवाल्यांना नाना खरंच गेलेत हे तीनदा पटवून दिलंय, मीटरचं रीडिंग घ्यायला जिन्याखाली झुरळांसोबत मी बसलोय, फीचे 300 पौंड माझ्या कार्डातून गेलेत (इस्टेटीतून परत मिळतील म्हणे, मिळतील तेव्हा). बापूकाकांनी काय केलं, तर नानांचा कुकर "आठवण म्हणून" घरी नेला. एकदा इस्टेटीच्या कारभारात हात घातला की नंतर एक्झिक्युटरला हक्क सोडता येत नाही, असं वाचलंय. कुकर त्यात बसतो का हे त्यांना विचारायची माझी छाती नाही.

शेवटी रात्री बसून नवीन पत्र लिहिलं. ती. बापूकाकांस, सा. न. वि. वि. वगैरे, नोटीस शब्द काढून "आपल्या माहितीसाठी" घातलं, खाली तोच मजकूर इंग्रजीत, आणि जांभळा स्टॅम्प. काल पोचलं. संध्याकाळी काका स्वतः आले, प्रसन्न, डब्यात आमटी.

"आता कसं घरचं वाटलं," म्हणाले. "बरं, मी माझं विल बदललंय. एक्झिक्युटर तू, आणि दुसरा आमचा सांगलीचा मेव्हणा. त्याला पण असंच मराठीत लिही. फक्त त्याला ती. लिहू नको, तो माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी लहान आहे."