चहा आणि तिसरा अंक

झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भाच्या रंगभूमीच्या अनेक नाटक कंपन्यांचे बस्तान गडचिरोली जिल्ह्यातील वडशाला आहे, याचा आम्हा वैनगंगेकाठच्या लोकांना अभिमानच आहे. पण ज्याला नुसता चहा प्यायचा आहे, त्याला या गावात वाली नाही. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागल्या की ही मंडळी रोज नव्या गावी रात्रभर नाटक करतात. साहजिकच नाटके लिहिणे, पात्रे ठरविणे आणि एकमेकांची जिरविणे हा सारा उद्योग पावसाळ्यात चहाच्या हॉटेलांत उरकावा लागतो. त्यातच २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यापासून प्रत्येक नवोदित लेखकाच्या वहीला वजन आले आहे. कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील कॉफी हाऊसात म्हणे कवी आपापसात वाद घालतात. आमच्याकडे त्यासाठी बाहेरचा माणूस धरतात.

परवा गाडीला अवकाश होता म्हणून मी बाकावर टेकलो, तोच ‘गुरुजी, बसा ना जी, तिसरा अंक आयका,’ असे म्हणत एका लेखकाने माझ्या कपासमोर वही उघडली. नायिका, तिची सासू आणि फौजदार या तिघांचे संवाद तो एकटाच म्हणत होता आणि सासूच्या मरणाला तर खरोखरच रडला. ऑर्गनवाल्याने टेबलावर ठेका धरला, त्या हादऱ्याने माझे बिस्किट चहात बुडाले आणि जो चहा उरला त्यावर साय धरली.

एवढ्यात खलनायकाचे काम करणारे गृहस्थ उसळले. दुसऱ्याच अंकात मेल्यावर कंपनीची गाडी पहाटे सुटेपर्यंत पौषाच्या थंडीत पडद्यामागे कुडकुडत बसायचे कोणी, हा त्यांचा सवाल मला कोणत्याही समीक्षेपेक्षा सकस वाटला. लेखकाला तो पटेना; पापाचा घडा वेळेवर भरलाच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. शेवटी निवाडा माझ्यावर आला. गाडीची शिट्टी ऐकू येत होती, तरी दोघांनी माझा एकेक हात धरून ठेवला होता.

मला सोडविले ते हॉटेलमालकाने. गाळणे झटकत तो लेखकाला म्हणाला, ‘त्याले इतक्यात मारू नोका जी, मागच्या सीझनची उधारी बाकी हाय.’ आपल्याही नावाचे पान त्याच उधारीच्या वहीत आहे, हे आठवून लेखकाने खलनायकाला तत्काळ तिसऱ्या अंकापर्यंत मुदतवाढ दिली.