नगरधन ते मनसर, पायीच

रामटेकला आपण नागपूरकर लहानपणापासून जातो, पण गाडीनं. गडावर गाडी चढवायची, रामाचं दर्शन घ्यायचं, माकडांपासून प्रसाद वाचवायचा, अंबाळा तलावाला चक्कर मारायची आणि संध्याकाळी घरी. माझं स्पष्ट मत आहे, असं करून आपण दीड हजार वर्षांपूर्वीच्या वाकाटक राजांचा आख्खा राजपरिसर ओलांडून जातो आणि पत्ताही लागत नाही. नगरधन, रामटेक आणि मनसर एका दिवसाच्या चालीत बसतात. ती पायीच जोडली पाहिजेत.

सुरुवात नगरधनहून करावी. हे वाकाटकांचं नंदिवर्धन, त्यांची राजधानी. किल्ला दिसतो तो बराच नंतरचा, पण २०१५ ते २०१८ दरम्यान इथं जे उत्खनन झालं, त्यात प्रभावतीगुप्ता राणीची मातीची मुद्रा सापडली. ब्राह्मीत तिचं नाव आणि सोबत शंख. लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, वजन सात ग्रॅमही नाही. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही लेक. नवरा, वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन, अकाली गेला आणि लहान मुलांच्या वतीनं तिनं राज्य चालवलं. तिचा एक ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेला आहे, दुसरा रामगिरीस्वामीच्या चरणांपासून, म्हणजे रामटेकच्या गडावरून. गाडीत बसून वाचलं तर ही नुसती माहिती. शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं चालताना मात्र गड हटत नाही समोरून. कधी पऱ्हाटीच्या वर, कधी कापलेल्या धानाच्या बांध्यांपलीकडे. राणीचं घर आणि तिचा देव एकमेकांच्या नजरेत होते, हे पायांना आधी कळतं.

वाटेत शेतातली माणसं हटकतात, ‘काहून पायी जी? गाडी बिघडली काय?’ कारण सांगितलं की पाण्याचा गुंड पुढे करतात.

गडावर राममंदिराकडे जाण्याआधी केवल नरसिंहाच्या देवळापाशी थांबा, घाई करू नका. लाल दगडातली ती बसलेली मूर्ती जवळून पाहावी. तिथल्या शिलालेखावरून अभ्यासक सांगतात की हे देऊळ प्रभावतीच्या मुलीनं आईच्या पुण्यासाठी उभारलं. आणि पाच-सहा किलोमीटर पश्चिमेला मनसर. तिथल्या हिडिंबा टेकडीवर १९९७-९८ पासून झालेल्या उत्खननात विटांचं प्रचंड बांधकाम उघडं पडलं. अनेक अभ्यासक त्याचा संबंध दुसऱ्या प्रवरसेनाच्या प्रवरपुर या राजधानीशी लावतात. प्रवरसेन म्हणजे प्रभावतीचाच मुलगा. आई, लेक, मुलगा, एका दिवसाच्या वाटेवर. असा टप्पा दुसरीकडे असता तर त्याचे नकाशे छापून वाटले असते.

माझी मागणी फार मोठी नाही. रोपवे नको, काचेचा पूल तर नकोच. नगरधन ते रामटेक ज्या पांदणी आहेत त्या मोकळ्या करून वळणावळणावर दगडी खुणा लावा. दर गावात पिण्याचं पाणी आणि बायांसाठी स्वच्छ संडास हवा, नाहीतर हा टप्पा फक्त पुरुषांचाच राहील. रामटेक-मनसर रस्त्याला पायी माणसासाठी वेगळी कड हवी. तिथं भरधाव गाड्यांच्या बाजूनं लेकरांना घेऊन चालायला जीव धजत नाही. आणि उत्खननाच्या जागी मराठीत, शाळकरी पोराला कळेल असा फलक लावा.

दिवाळीनंतर धान निघालं की जायला लागा. नगरधन उजाडता उजाडता सोडलं तर उन्हाच्या आत गड गाठता येतो. मनसर जबलपूर हायवेवरच आहे, परतीला नागपूरची गाडी सहज मिळते. टोपी आणि पाणी विसरू नका, विटांवर चढू नका, आणि कोणी निघणार असाल तर कॉमेंटमध्ये सांगा, मी येतो.