कार्टर यांच्यावरचा ‘भला माणूस, दुबळा अध्यक्ष’ हा शिक्का

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेचे एकेकाळचे अध्यक्ष जिमी कार्टर यांच्यावरच्या लेखात मी आरती ओवाळली आहे, माणूस भला, पण अध्यक्ष दुबळा, नारू रोगाच्या निर्मूलनासारखी कामं पद गेल्यावरची, पदावर असताना महागाई आणि इराण दोन्ही हाताबाहेर गेलं, आणि त्यांच्या आईच्या विक्रोळीतल्या कामाचा उल्लेख मराठी वाचकाला गोंजारण्यापुरता. यातला आरतीचा आरोप मला मान्य आहे. दुबळेपणाचा अजिबात नाही.

जॉर्जियाची 1970ची गव्हर्नरपदाची निवडणूक मी एका ओळीत उरकली, ते चुकलंच. 1966 साली कार्टर पक्षांतर्गत प्राथमिक फेरीतच हरले होते. गव्हर्नर झाले ते लेस्टर मॅडॉक्स, आपल्या अटलांटातल्या हॉटेलात काळ्या गिऱ्हाइकांना पाऊल ठेवू न देणारे. हा पराभव कार्टर यांच्या फार जिव्हारी लागला. 1970 मध्ये त्यांनी वर्णभेदाचे पुरस्कर्ते जॉर्ज वॉलेस यांना मानणाऱ्या गोऱ्या मतदारांना चुचकारलं, प्रतिस्पर्धी कार्ल सँडर्स म्हणजे श्रीमंतांचा माणूस अशी हवा केली आणि निवडणूक जिंकली. मग जानेवारी 1971 मध्ये शपथविधीच्या भाषणातच सांगून टाकलं, की वांशिक भेदभावाचे दिवस संपले. ज्यांची मतं घेतली त्यांच्या तोंडावर सांगितलं! पुढे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीत मार्टिन ल्यूथर किंग यांची तसबीरही लावली. त्या भाषणाबद्दल मला आदर आहे. पण मतं मागत गावोगाव फिरताना हेच वाक्य त्यांनी ओठांआड ठेवलं होतं. भलेपणाच्या शिक्क्याखाली ही सगळी हुशारी, हा सगळा हिशेब झाकला जातो, आणि माझ्या लेखानेही तेच केलं.

आता दुबळेपणा. अमेरिकेच्या ताब्यातला पनामा कालवा पनामाला परत करायचा, हा विषय आधीचे अध्यक्ष निक्सन आणि फोर्ड यांच्याही टेबलावर होता. लोकमत तापलेलं होतं, पुढे अध्यक्ष झालेले रेगन ‘कालवा आमचा’ म्हणून सभा गाजवत होते. कार्टर यांनी पहिल्याच वर्षी करारांवर सही केली. सिनेटमध्ये 67 मतं लागणार होती. 1978च्या वसंतात दोन्ही करारांना प्रत्येकी 68 पडली. एकेक सिनेटर गाठून, समजूत घालून, सवलती देऊन मिळवलेली मतं होती ती. दुबळ्या माणसाचं हे काम नव्हे.

महागाईचं तर याहून ठळक आहे. ऑगस्ट 1979 मध्ये त्यांनी पॉल व्होल्कर यांना फेडरल रिझर्व्हचं, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचं, अध्यक्षपद दिलं. व्होल्कर यांनी आधीच बजावलं होतं, की आपण पैशाचा पुरवठा आवळणार. म्हणजे व्याज चढणार, घराचं कर्ज महागणार, कारखाने मंदावणार, आणि निवडणूक सव्वा वर्षावर! तरी कार्टर यांनी त्यांनाच नेमलं. 1980 मध्ये महागाई साडेतेरा टक्क्यांच्या घरात होती आणि व्याजदरही भडकले होते. नोव्हेंबरात रेगन यांना 489 इलेक्टोरल मतं मिळाली, कार्टर यांना 49. महागाई खाली आली ती 1982-83 मध्ये, त्याच व्होल्कर यांच्या हातून, मोठी मंदी सोसून. श्रेय रेगन यांच्या खात्यात जमा झालं. तुम्ही महागाईचा ठपका ठेवता, तेव्हा औषध कोणी आणवलं हेही त्याच दमात सांगायला हवं.

इराणबाबत मात्र तुमचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. 31 डिसेंबर 1977ला तेहरानमध्ये कार्टर यांनी इराणचे राजे असलेल्या शहांच्या राजवटीला अशांत प्रदेशातलं स्थैर्याचं बेट म्हटलं. सव्वा वर्षाच्या आत ती राजवट उरली नव्हती. चूक तिथे होती, शहांवर आंधळा भरवसा ठेवण्यात. पण तेहरानच्या अमेरिकी दूतावासातल्या लोकांना ओलीस धरलं गेलं, त्या 444 दिवसांत दाखवलेल्या संयमाला मी अपयश म्हणणार नाही. सुटकेच्या फसलेल्या मोहिमेत आठ सैनिक गेले, ते दुःख खरंच. तरीही 52 ओलीस जिवंत घरी आले. शहरांवर बाँब टाकून कार्टर यांना कदाचित निवडणूक सावरता आली असती. त्यांनी ते केलं नाही, आणि मला या निर्णयाचं मोल फार वाटतं.

तुम्ही न काढलेला एक मुद्दा मला जास्त टोचतो. मानवाधिकारांची भाषा बोलणाऱ्या याच अध्यक्षाला मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कार रोमेरो यांनी फेब्रुवारी 1980 मध्ये पत्र लिहिलं, आमच्या देशातल्या लष्कराला मदत पाठवू नका म्हणून. मदत थांबली नाही. मार्चमध्ये प्रार्थना चालू असताना रोमेरो यांची हत्या झाली. याचं समर्थन माझ्याकडे नाही.

राहिली विक्रोळी. कार्टर यांच्या आई लिलियन 1966 मध्ये, वयाच्या 68व्या वर्षी, पीस कोअर या परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेतर्फे तिथे आल्या आणि गोदरेजच्या वसाहतीत परिचारिका म्हणून राबल्या. हा उल्लेख मी पुन्हाही करीन. पण तुमची शंका रास्त आहे: आईच्या विक्रोळीमुळे मुलाचं भारतविषयक धोरण मऊ झालं, असा समज माझ्या लेखाने होतो. तसं झालं नाही. जानेवारी 1978 मध्ये दिल्लीत मोरारजीभाईंना कडक शब्दांत पत्र लिहायला हवं, असं ते आपल्या परराष्ट्रमंत्र्यांशी बोलले आणि चालू राहिलेल्या मायक्रोफोनने ते जगाला ऐकवलं. विषय होता अणुकार्यक्रमाचा. त्याच वर्षीच्या अण्वस्त्रप्रसार रोखणाऱ्या अमेरिकी कायद्याने आपल्या तारापूरच्या अणुभट्ट्यांचं इंधन धोक्यात आलं. मग रशियन फौजा अफगाणिस्तानात उतरल्या आणि 1980 मध्ये कार्टर यांनीच ते इंधन पाठवायचा आग्रह धरला. प्रतिनिधीगृहाने नाकारलं, सिनेटमध्ये 48 विरुद्ध 46 असं जेमतेम तरलं.

1970च्या निवडणुकीचा आणि तारापूरचा परिच्छेद मूळ लेखात घालतो आहे, तुमच्या प्रतिक्रियेच्या उल्लेखासह. ‘दुबळा’ हा शब्द मात्र तिथे येणार नाही.