नेम, कोडं आणि मरॉडर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शूटर, म्हणजे गोळीबाराचे व्हिडिओ गेम, आणि कोड्यांचे खेळ यांवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही, आणि का पटला नाही तेही तुम्ही मुद्देसूद लिहिलंत. बाकीच्या वाचकांसाठी ते मुद्दे थोडक्यात सांगतो. 'डूम इटर्नल' या राक्षस मारायच्या शूटरमधली लढाई म्हणजे घड्याळ लावून सोडवायचं कोडं, हे माझं म्हणणं तुम्हाला उगाच काढलेला कीस वाटतो. तुमच्या मते शूटरमध्ये ज्याचा नेम चांगला तो जिंकतो, विषय संपला. मरॉडर या डूम इटर्नलमधल्या ढालवाल्या शत्रूबद्दल मी चकार शब्द काढला नाही, कारण (तुम्ही म्हणता) त्याच्यापुढे माझं सगळं म्हणणं कोसळतं. कोड्यांचे खेळ एकदा सुटले की भंगारात. आणि 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'मध्ये, म्हणजे जहाजावरचा कोण कोण आणि कसा मेला ते शोधायच्या खेळात, तुम्ही ठोकून दिलेली नावंही बरोबर निघाली, तेव्हा तर्कबिर्क सगळं थोतांड. ४५ जण ओळखून झाल्यावर तुम्ही कंटाळून तो खेळ सोडलात.

नेमापासून सुरू करतो, कारण खरं भांडण तिथेच आहे.

नेमाचा खेळ म्हणून सगळे काउंटर-स्ट्राइकचं नाव घेतात, तर तोच घेऊ. नवखा खेळाडू क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरची नेमाची खूण, जमिनीकडे ठेवून पळत असतो. कोपऱ्यावर कोणी दिसलं की माउस आधी वर, मग बाजूला, मग गोळी. मुरलेला खेळाडू क्रॉसहेअर डोक्याच्या उंचीवर आणि कोपऱ्याच्या कडेपासून किंचित बाहेर धरूनच येतो; समोरचा दिसतो तेव्हा माउस हलवायला जवळजवळ काही उरलेलंच नसतं. दोघांच्या हाताचा वेग सारखा असला तरी दुसराच जिंकतो. धावता धावता मारलेली गोळी भरकटते, म्हणून डावीकडे सरकत असाल तर 'ए' सोडून क्षणभर 'डी' दाबायचं, पाय थांबले की मगच क्लिक. एके-४७ ची फैर आधी वर चढते आणि मग आडवी झुकते, तीही जवळजवळ ठरलेल्या वळणाने, म्हणून माउस उलट दिशेने ओढायची सवय लावता येते. हे सगळं आपण नेम या एका नावाखाली घालतो, पण यातला मोठा भाग शत्रू दिसण्याआधीच ठरलेला असतो.

त्याच्याही वर हिशोब आहे. खेळ राउंडांचा: पाच जणांचा एक संघ बॉम्ब लावतो, दुसरा तो निकामी करतो, आणि राउंडमागे मिळालेल्या पैशांतून पुढच्या राउंडची शस्त्रं घ्यायची. बॉम्ब लावल्यापासून ४० सेकंदांनी फुटतो. निकामी करायला किटशिवाय १० सेकंद लागतात, ४०० डॉलरचं किट असेल तर ५. घड्याळात ८ सेकंद उरलीत आणि तुमच्याकडे किट नाही, तर शेवटच्या शत्रूच्या डोक्यात गोळी घालूनही राउंड गेलेलाच आहे. तेव्हा हातातली बंदूक पुढच्या राउंडसाठी वाचवून लांब पळणं हेच बरोबर. एके-४७ ला २७०० लागतात, हेल्मेटसकट चिलखताला १०००, झाले ३७००. हरलेल्या राउंडची रक्कम १४०० पासून ५००-५०० नी चढत ३४०० ला थांबते. म्हणजे सलग मार खाल्ला तरी नुसत्या त्या रकमेत पूर्ण खरेदी बसत नाही, मागचं काहीतरी शिल्लक लागतंच. पाचांपैकी दोघांनी हौसेने बंदुका घेतल्या आणि तिघं पिस्तुलावर राहिले, की तो राउंडही जातो आणि पुढचाही. कॅरममध्ये नेमबाज गडी राणी घेतो आणि कव्हर न मिळाल्याने परत ठेवतो, तशातला प्रकार.

तुमचा दावा तपासायचा तर नेम आणि वेग दोन्ही काढून टाकलेला शूटर बघा. २०१६ चा 'सुपरहॉट' नेमका तोच आहे: तुम्ही हललात तर वेळ चालतो, थांबलात तर गोळ्या हवेत जवळजवळ लटकून राहतात. उरतं ते एवढंच: आधी कोणाला, कोणत्या गोळीच्या वाटेतून बाजूला व्हायचं, रिकामं पिस्तूल कोणाच्या तोंडावर फेकायचं. आणि तरीही तो शूटरच वाटतो. नेम हा शूटरचा सगळा ऐवज असता तर तो वाटला नसता.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. तुम्ही लिहिलंय की काउंटर-स्ट्राइकची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउस किती सरकवल्यावर नजर किती वळते ते माप, तुम्ही डूममध्येही तशीच ठेवता. माउसचा स्वतःचा आकडा ८०० डीपीआय आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी १ असेल, तर काउंटर-स्ट्राइकमध्ये पूर्ण गिरकी घ्यायला माउस साधारण ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो. बारीक नेमाला ते उत्तम. डूम इटर्नलमध्ये मात्र शत्रू चारही बाजूंनी आणि वरूनही येतात. तिथे एवढं संथ ठेवलंत तर मागे वळेपर्यंत निम्मा जीव गेलेला असतो. तिथे २५ ते ३० सेंटिमीटर ठीक. दोन्ही खेळांतले आकडे एकाच मापाचे नसतात, त्यामुळे आकडा नुसता उतरवून घेऊ नका. पॅडशेजारी पट्टी ठेवा आणि एक गिरकी मोजा. मोशन ब्लर (वळताना चित्र पुसट होणं) बंद करा, दृश्याचा कोन ९० वरून १०५-११० ला न्या. हे केल्यावर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील असं मला वाटतं.

आता डूम इटर्नल. २०१६ च्या डूममध्ये सुपर शॉटगन ही दुनळी बंदूक धरून बहुतेक खेळ रेटता येतो, आणि तीच सवय घेऊन लोक २०२० च्या भागात येतात. तिथे काडतुसांची क्षमता वाढवली नसेल तर फक्त १६ मावतात. सुपर शॉटगन एका बाराला दोन खाते. आठ बार झाले की ठणठणाट. लोक याला कंजूषपणा म्हणतात. मला तो खेळाचा सगळ्यांत शहाणा निर्णय वाटतो, कारण त्यामुळे प्रत्येक शत्रू ही एक वस्तू होते. अर्धमेल्या शत्रूला ग्लोरी किलने, म्हणजे जवळ जाऊन हातानेच, संपवलं की जीव मिळतो. चेनसॉने कापलं की दारूगोळा. फ्लेम बेल्च या आगीच्या फवाऱ्याने पेटवून मारलं की चिलखत.

समजा जीव ३० वर आलाय, काडतुसं दोन, समोर हवेत तरंगणारा एक कॅकोडीमन राक्षस, लांब खांबामागे कोळ्यासारखा अरॅक्नोट्रॉन आणि पायाशी चार-पाच झोम्बी. घाबरलेला खेळाडू कॅकोडीमनवर उरलेला बार टाकतो आणि मरतो. क्रम असा लावायचा: आधी झोम्बींच्या घोळक्यावर फ्लेम बेल्च, मग त्यातल्याच एकाला चेनसॉ. पेटलेला गडी कापला, म्हणजे चिलखत आणि गोळ्या एकाच घावात. हा क्रम उलटा केलात तर कापलेल्या गड्याचं चिलखत हुकतं. चेनसॉच्या इंधनाचे तीन खण असतात, त्यातला पहिला आपोआप भरतो आणि किरकोळ गड्याला एकच लागतो. त्यामुळे तो पहिला खण जपून ठेवणं हा निव्वळ तोटा. गोळ्या आल्या की हेवी कॅनन या बंदुकीच्या नेमक्या गोळीने अरॅक्नोट्रॉनच्या शेपटीवरची तोफ फोडायची. ती गेली की तो लांबून छळायचा थांबतो. मग कॅकोडीमनने तोंड उघडलं की शॉटगनचा चिकट बॉम्ब थेट घशात. तो गरगरला की ग्लोरी किल. त्याने जीव तर मिळतोच, शिवाय ते दृश्य चालू असताना तुम्हाला काही लागत नाही आणि तुम्ही जमिनीवरच्या गर्दीतून उचलले जाता. यात नेमाची कामं दोनच, तीही फार अवघड नाहीत. मरण येतं ते क्रम चुकल्यामुळे, आणि चुकला कुठे ते मेल्यावर सांगता येतं. माझ्या लेखी चांगला शूटर आणि चांगलं कोडं दोघांनाही ही एकच फूटपट्टी लागते: हरलेल्याला हरण्याचं कारण कळलं पाहिजे.

त्याच फूटपट्टीने मरॉडर. कारण कळतं का? कळतं. फार जवळ गेलात तर तो शॉटगन मारतो, फार लांब राहिलात तर कुऱ्हाडीची लाट फेकतो, ढालीवर गोळ्या झाडल्या तर भुताळी लांडगा सोडतो. मधल्या अंतरावर राहिलात तर डोळे हिरवे चमकवत कुऱ्हाड उगारतो, आणि तेवढ्याच क्षणी तो उघडा असतो. सुपर शॉटगनचा बार, लगेच बॅलिस्टा या दुसऱ्या बंदुकीवर बदल, पुन्हा सुपर शॉटगन. बंदूक बदलल्याने बार आणि बार यांमधली रखडपट्टी टळते आणि एका संधीत दोन-तीन घाव बसतात. अडचण बहुतेकांची इथे होते: चमक दिसण्याआधीच हात शिवशिवतो, बार ढालीवर जातो, लांडगा सुटतो आणि लांडग्याकडे बघताना पुढची चमक हुकते. शिवाय आजूबाजूचे सगळे झोम्बी मारून टाकू नका, नाहीतर गोळ्या संपल्यावर चेनसॉ लावायला कोणी उरत नाही.

तेव्हा तो अन्यायकारक नाही. कंटाळवाणा मात्र आहे, आणि इथे तुमच्या रागात तथ्य आहे. एरवी एका शत्रूला तीन-चार उत्तरं चालतात, याला एकच. बीएफजी ही खेळातली सगळ्यांत जबर बंदूकसुद्धा ढालीवर अडते. पहिल्यांदा तो प्रश्न असतो, पाचव्यांदा कवायत. पण त्याने माझं म्हणणं कोसळत नाही, उलट पक्कं होतं: लढाई कोडं असते म्हणूनच त्यातलं एखादं कोडं फसू शकतं.

कोड्यांच्या खेळांतही फसण्याची कारणं हीच. १९८२ च्या जपानी 'सोकोबान'मध्ये पेटी ढकलता येते, ओढता येत नाही. कोपऱ्यात गेली की अडकली. नियम एका वाक्यात संपतो आणि प्रत्येक हार त्याच वाक्याने समजावता येते. २००७ च्या 'पोर्टल'मधली बंदूक गोळ्या मारत नाही, एकमेकांना जोडलेली दोन दारं (पोर्टल) काढते, आणि प्रत्येक चेंबर म्हणजे एक कोड्याची खोली. तो चेंबर १० मध्ये तेच करतो: उंचावरून जमिनीतल्या पोर्टलमध्ये उडी घ्या, भिंतीतल्या पोर्टलमधून त्याच वेगाने आडवे फेकले जाल. पुढची बरीच चेंबर्स याच एका गोष्टीचे नवे नवे उपयोग काढतात. चेंबर १६ मध्ये समोर गोळ्या झाडणारे टरेट आणि तुमच्या हातात गोळी नसलेली बंदूक. मग पाठीमागे पोर्टल काढून टरेट उचलून आडवा करा, नाहीतर वरून त्याच्यावर पेटी टाका. 'पोर्टल २' मला यापेक्षा उतरता वाटतो. चेंबर्स छान आहेत, पण त्यांच्या बाहेरच्या अवाढव्य जागांत विचार कमी आणि पोर्टल बसेल असा पांढरा तुकडा दुर्बीण लावून शोधणं जास्त.

कोड्यात घड्याळ नसतं हेही खरं नाही. 'द विटनेस' या कोड्यांच्या खेळाच्या पोटात दडलेलं आव्हान ग्रिग या संगीतकाराच्या संगीताचे दोन तुकडे संपेपर्यंत, म्हणजे सुमारे साडेसहा मिनिटांत सोडवायचं असतं. कोडी दर वेळी नवी, त्यामुळे यूट्यूबवरून उत्तर उतरवायची सोय नाही. हात थरथरायला लागतात, शूटरसारखेच. आणि 'सिरियस सॅम'सारखा धुमश्चक्रीचा शूटर करणाऱ्या क्रोएशियाच्या क्रोटीम या कंपनीनेच २०१४ मध्ये 'द टॅलोस प्रिन्सिपल' हा कोड्यांचा खेळ काढला. त्याचं बी सिरियस सॅमच्या पुढच्या भागासाठी रचलेल्या यंत्रांच्या प्रयोगांतून पडलं. ही दोन घरं तुम्ही समजता तितकी लांब नाहीत.

एकदा सुटलं की संपलं, याबद्दल फार बोलत नाही. पोर्टलमध्येच कमीत कमी पोर्टल, कमीत कमी पावलं, कमीत कमी वेळ अशी आव्हानं आहेत; पोर्टल २ ला २०१२ पासून चेंबर बनवायचं साधन आहे आणि लोकांनी केलेली चेंबर्स फुकट मिळतात. तरीही काही खेळ एकदाच खेळायचे असतात, ओब्रा डिन त्यातलाच. त्यात काही बिघडलं नाही.

राहिला ओब्रा डिनमधला तुमचा ठोकताळा. जहाजावर ६० जण, प्रत्येकाचं नाव आणि मरण एका पुस्तकात नोंदवायचं, आणि तीन नोंदी पूर्ण बरोबर झाल्याशिवाय खेळ एकालाही दुजोरा देत नाही. हे अंदाजपंचे खेळणाऱ्यांसाठीच केलंय. फट एकच आहे: दोन नोंदी पक्क्या ठेवून तिसऱ्यात नावं बदलत बसायचं, कधीतरी ठोका लागतो. तुम्ही तेच केलंत. फट आहे, नाकारत नाही, पण तिच्यामुळे नुकसान तुमचंच झालं. सोपी माणसं तुम्ही तर्काने काढली असणार, मधली ठोकून दिलीत, आणि उरलेल्या पंधरांना लागणारी बघण्याची सवय लागलीच नाही.

४५ वर सोडलेला डाव अजून उचलता येईल. पुस्तकातला चेहरा धूसर असेल तर त्या माणसाला हात लावू नका; चेहरा स्पष्ट झाला म्हणजेच ओळखण्यापुरता पुरावा तुमच्यासमोर येऊन गेलाय. ओळखणं किती अवघड ते सांगणारे शेजारचे त्रिकोण बघा, एक त्रिकोणवाल्यांपासून धरा. मरण्याचं कारण आधी भरा, नाव नंतर, कारण ते बहुधा दिसतंच. मग ज्या दृश्यात खलाशी झोपलेत तिथे परत जा: झुल्यांना नंबर टांगलेले आहेत आणि नावांच्या यादीतही नंबर आहेत. चेहरा दिसत नसेल तर पांघरुणाबाहेर आलेले पाय आणि बूट बघा, आणि तेच बूट इतर दृश्यांत कोणाच्या पायात आहेत ते शोधा. चिनी खलाशी बहुतेकांचे तिथेच सुटतात.