‘बेल्ट अख्खा होता, तरी हेड खोललं’ या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. गाडी ठरल्यापेक्षा उशिरा मिळाली आणि घरच्या लग्नाच्या गडबडीत तुम्हाला भाड्याची गाडी करावी लागली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

पण तुम्ही लिहिलंय, ‘टायमिंग बेल्ट अख्खा होता, मी स्वतः पाहिला, तरी बिल वाढवायला हेड खोललं. ९,५०० सांगून ४१,००० घेतले.’ हे मनाला लागलं. कोल्हापुरात वडिलांच्या काळापासून आमचं गॅरेज आहे. नवीन गिऱ्हाईक आता आधी हेच वाचून येतं. म्हणून काय काय झालं ते सगळं लिहितो. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह त्यात असतात. पिस्टन खालचा क्रँक फिरवतात, टायमिंग बेल्ट त्या क्रँकने वरचा कॅम फिरवतो आणि कॅम व्हॉल्व्ह उघडतो.

तुमची डिझेल डस्टर आंबा घाटातून टो होऊन आली. सेल्फ मारला तेव्हा इंजिन कुठेही न अडखळता सुर्रकन फिरत होतं. चांगलं इंजिन सेल्फवर असं फिरत नाही, प्रत्येक सिलिंडरच्या दाबाला थोडं अडतं आणि तो ठेका कानाला कळतो. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं. हा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, नाही तर गाडी चालू होणार नाही, मग बॅटरी कितीही नवी घाला.

मग वरचं कव्हर काढलं. बेल्ट जागेवर दिसला, तो तुम्ही पाहिलात. तेवढं खरं आहे. पण त्याच वेळी पोराला सेल्फ मारायला सांगून मी तुम्हाला कॅमची पुली दाखवली होती. खाली क्रँक फिरत होता आणि वर कॅम जागचा हलत नव्हता. खालचं कव्हर काढल्यावर कारण सापडलं. क्रँकच्या पुलीजवळ बेल्टचे दात सोलून निघाले होते. बेल्ट तुटला नव्हता, पण कामातून गेला होता. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग हाताने फिरत नव्हतं. मागच्या वर्षी दुसरीकडे बेल्ट बदलला असं तुम्ही सांगितलंत, आणि बेल्ट नवा होताच. टेन्शनर मात्र जुना ठेवलेला. म्हणूनच आम्ही बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्रच बदलतो. त्यावर गिऱ्हाईक कुरकुरतं, तरी बदलतो.

९,५०० हा आकडा या बेल्टच्या कामाचा होता. कॅम थांबला की उघड्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळून ते वाकू शकतात, म्हणून तेव्हाच म्हणालो होतो की व्हॉल्व्ह वाचले असतील तर एवढ्यात भागेल. ते अर्धं वाक्य रिव्ह्यूत आलेलं नाही.

हेड आम्ही लगेच खोललं नाही. टायमिंग जुळवून बेल्ट चढवला, इंजिन हाताने फिरवून पाहिलं, मग हीटर प्लग काढून तिथे दाब मोजायचा गेज लावला. एक आणि तीन नंबरला ३७० पीएसआयच्या आसपास, म्हणजे ठीक. दोन आणि चार नंबरला काटा हललाच नाही. तुमच्या मेव्हण्यांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, दोष पिस्टनच्या रिंगांचा की व्हॉल्व्हचा ते कळायला सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून बघा म्हणून. ती पद्धत पेट्रोल गाडीला ठीक आहे. डिझेलमध्ये पिस्टनच्या वर जागाच एवढी कमी असते की तेलाने रीडिंग उगाच वाढतं आणि माणूस फसतो. त्याऐवजी आम्ही सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडली. दोन नंबरची हवा सायलेन्सरमधून आली, चार नंबरची एअर फिल्टरच्या पाइपातून. ऑइलच्या झाकणातून आली असती तर दोष रिंगांचा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले असते तर हेडखालच्या गॅस्केटचा. इथे एक एक्झॉस्ट आणि एक इनलेट व्हॉल्व्ह बसत नव्हता. वाकलेला व्हॉल्व्ह हेड न खोलता बदलता येत नाही, साहेब. मला तरी तशी रीत माहीत नाही. या तपासणीचा एक रुपयाही बिलात नाही.

आणखी एक गोष्ट नाइलाजाने लिहितो. गाडी बंद पडल्यावर उतार मिळाला म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये टाकून दोन-तीनदा धक्क्यावर चालू करून पाहिली, हे तुम्हीच सांगितलंत. कॅम थांबलेला असताना क्रँक फिरला की उघड्या राहिलेल्या त्याच व्हॉल्व्हवर पिस्टन पुन्हा पुन्हा आदळतो. व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो त्या गाइडला, दोन्ही ठिकाणी, चीर होती आणि पिस्टनवर ठशावर ठसा होता. पहिल्या फटक्याने किती नुकसान झालं आणि धक्क्याने किती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तो भाग आमच्या माथी येऊ नये.

हेड उद्यमनगरात लेथवर गेलं. गाइड, व्हॉल्व्ह बसतात त्या सीट, व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवायचं लॅपिंग, प्रेशर टेस्ट. तिथे नंबर लागायला वेळ गेला, आणि गॅस्केट आणि हेडचे बोल्ट पुण्याहून आले. जुने बोल्ट पुन्हा वापरले असते तर गाडी लवकर मिळाली असती, पण या इंजिनाला ते चालत नाहीत. घाई करून दिलेलं हेड परत आलं असतं तर तुम्ही जे लिहिलं असतं ते मला मान्य करावं लागलं असतं. हेड खोलायच्या आधी तुम्हाला फोन केला होता, तुम्ही ‘करून टाका’ म्हणालात, म्हणूनच हात लावला.

बिलात प्रत्येक पार्टची पावती जोडली आहे, लेथची सुद्धा. यापुढे मोठ्या कामाचा अंदाज लेखी द्यायचा आणि फोटो पाठवायचे असं पोरांना सांगितलं आहे, जमेल तसं सुरू करतोय.

वाकलेले दोन्ही व्हॉल्व्ह, गाइड, बेल्ट आणि टेन्शनर तुमचा गाडी नंबर लिहून ठेवले आहेत. कुठल्याही मेकॅनिकला सोबत घेऊन या आणि दाखवा. हजार किलोमीटर झाले की ऑइल आणि कूलंट तपासायला गाडी आणा, त्याचे पैसे नाहीत. सकाळी दहाच्या आधी आलात तर मी स्वतः बघेन.